उणे अठरा पूर्णांक चार

"साहेब, ह्यो फोटोतला म्हातारा कोन म्हनायचा? सकाळधरनं तुम्ही त्याच्याकडं असं बघायलाव, जनू त्यानं तुमची म्हैस सोडून नेलीय."

प्रयोगशाळेतल्या हरकाम्या बलभीमने उसाच्या रसाच्या बाटल्यांचं खोकं कट्ट्यावर ठेवलं आणि वर्तमानपत्रावर मान वाकवली. नळदुर्गकरांनी चष्मा काढून पुसला.

"म्हैस नाही रे. आकडा नेला."

"मटक्याचा?"

"उणे अठरा पूर्णांक चार."

बलभीमने थोडा विचार केला. मटक्यात उणे आकडा नसतो, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. "मंग जाऊ द्या की," तो म्हणाला. "उन्याचा आकडा नेला म्हंजे तुमचा फायदाच झाला न्हाय का?"

मार्तंड नळदुर्गकर ढोकीच्या साखर कारखान्यात केमिस्ट होते. केमिस्ट म्हणजे नेमकं काय, याबद्दल पंचक्रोशीत एकमत नव्हतं. निम्मी माणसं त्यांच्याकडे खोकल्याचं औषध मागायला येत आणि मिळालं नाही की माणूस शिष्ट आहे असं सांगत परत जात. खरं काम साधं होतं. आलेल्या उसाचा रस काढायचा, शिशाचं मीठ टाकून त्यातला गाळ तळाला बसवायचा आणि निवळ रस काचेच्या लांब नळीत भरून पोलरीमीटरमध्ये ठेवायचा. या यंत्राला बलभीम दुर्बीण म्हणे. एका टोकाला पिवळा दिवा, दुसऱ्या टोकाला डोळा, मध्ये रस. साखर प्रकाशाला वळवते. जेवढी साखर जास्त, तेवढं वळण जास्त. दिसणाऱ्या चकतीचे दोन्ही अर्धे भाग सारखे उजळ होईपर्यंत मळसूत्र फिरवायचं आणि पट्टीवरचा अंश वाचायचा. दिवसातून चाळीस वेळा.

दिवा तापायला पाच मिनिटं लागत. आधी तो गुलाबी असे, मग हळूहळू पिवळा होई. ही पाच मिनिटं बलभीम तंबाखू मळण्यात घालवी. नळदुर्गकर ती डॉ. दत्तोपंत औरादकरांना मनातल्या मनात शिक्षा देण्यात घालवत. गेली चौदा वर्षं, रोज, न चुकता. शिक्षेचे प्रकार बदलत. सुरुवातीच्या काळात भर सभेत थोबाडीत मारण्यावर भर होता. पुढे वय वाढलं तशी शिक्षाही पोक्त झाली.

आज वर्तमानपत्रात त्याच औरादकरांचा फोटो होता. थोर रसायनशास्त्रज्ञ साठी पूर्ण झाल्यानिमित्त कुलदेवतेच्या दर्शनाला तुळजापूरला येणार. धाराशिवला नागरिकांतर्फे सत्कार. वाटेत ढोकीच्या कारखान्याला भेट. त्यांच्या एक्केचाळीस शोधनिबंधांचा गौरवग्रंथ छापला जात आहे, पैकी चौदा 'असममित कार्बनी संश्लेषण' या गहन विषयावरचे. बातमीदाराने हे शब्द कुठूनसे जसेच्या तसे उतरवून घेतले होते आणि पुढच्याच ओळीत सत्कारानंतरच्या फराळाचा तपशील मोकळ्या मनाने दिला होता.

"त्यो गहन विषय म्हंजे काय ओ?" बलभीमने विचारलं.

चौदा वर्षांत हे विचारणारा तो दुसराच माणूस. पहिली त्यांची पत्नी चारुशीला. तिने लग्नाच्या दुसऱ्या दिवशी विचारलं होतं आणि तिसऱ्या दिवसापासून सोडून दिलं होतं.

"वहाणा काढ पायातल्या," नळदुर्गकर म्हणाले. "दोन्ही ठेव इथं. आता बघ. कातडं एक, खिळे तेवढेच, करणारा एकच. पण डावी उजव्या पायात जाते का?"

"जाती की. पर चावती."

"तसे काही पदार्थ असतात. सगळं सारखं, फक्त एक डावा, एक उजवा. आपण करायला गेलं की दोन्ही निम्मे-निम्मे होतात. नुसते उजवेच करायचे, ह्याला अक्कल लागते. तो हा विषय."

"नुस्त्या उजव्या पायाच्या वहाना? आन् घालनार कोन?"

"औषधवाले. अरे, शरीराला दोन्ही चालत नाहीत. आता कसं करायचं ते ऐक. आधीच एका हाताचा असलेला एक पदार्थ सोबतीला जोडायचा. पुदिन्याचं फूल. मेन्थॉल म्हणतात त्याला. तो मुकादमासारखा एका बाजूला उभा राहतो, म्हणजे बाकीचे सगळे एकाच अंगानं कामाला लागतात. काम झालं की मुकादमाला काढून टाकायचं आणि उरलेलं ह्या दुर्बिणीत बघायचं. जेवढं वळण दिसेल, तेवढं आपल्याला साधलं."

बलभीमने वहाणा पायात घातल्या. "आन् मुकादम निघालाच न्हाय तर?"

 परदेशातल्या नियतकालिकाच्या परीक्षकांना हा प्रश्न चौदा वर्षांत सुचला नव्हता.

"तर मग मुकादमच मोजला जातो," नळदुर्गकर म्हणाले.

"मंग हे आमच्या ऊसतोडीच्या टोळीवानीच झालं की ओ," बलभीम म्हणाला आणि बाटल्यांना चिठ्ठ्या लावू लागला.

*

चौदा वर्षांपूर्वी नळदुर्गकर हैदराबादला औरादकर सरांच्या प्रयोगशाळेत सहायक होते. जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात होता आणि शिकायला तिकडेच जायची रीत होती. सहायकाची कामं ठरलेली नव्हती. सकाळी सातला कुलूप काढण्यापासून सरांच्या घरी भाजी पोचवण्यापर्यंत सगळ्याचा संशोधनात समावेश होई. तरीही नळदुर्गकर सुखात होते. तीन वर्षं खपून त्यांनी एक पांढरा पदार्थ तयार केला, त्यातून मेन्थॉल काढून टाकलं आणि फेब्रुवारीतल्या एका दुपारी नळी यंत्रात ठेवून डोळा लावला. उणे अठरा पूर्णांक चार. उणे म्हणजे वळण डावीकडचं, आणि त्या विषयात तोवर एवढा मोठा आकडा कुणाला मिळाला नव्हता. ते धावत सरांच्या खोलीत गेले. सर उठून उभे राहिले. सर कुणासाठी उठून उभे राहिल्याची ती एकच नोंद.

निबंध छापून आला तेव्हा त्यावर सरांचं नाव होतं आणि सरांच्या भाच्याचं. भाचा त्या वर्षी प्रयोगशाळेत दोनदा आला होता, दोन्ही वेळा छत्री विसरून गेला होता. शेवटी आभार मानले होते: काचकाम करणाऱ्या कारागिराचे, विद्यापीठाचे, आणि अशा एका शिष्यवृत्तीचे जी नळदुर्गकरांना कधी मिळाली नव्हती.

"सर, माझं नाव?" नळदुर्गकरांनी विचारलं.

सर रागावले नाहीत. उलट मुलाला समजावावं तसे म्हणाले, "नळदुर्गकर, हात तुमचे होते. डोकं माझं. निबंधावर डोक्याचं नाव येतं."

त्या आठवड्यात नळदुर्गकर ट्रंक घेऊन गावी परतले. सरांनी त्याच आकड्यावर आणखी तेरा निबंध उभे केले. भाचा परदेशी गेला. नळदुर्गकर शाळामास्तर झाले, मग सोलापूरकडे एका गुऱ्हाळवजा कारखान्यात लागले आणि ढोकीला कारखाना उभा राहिला तेव्हा इकडे आले. ट्रंकेत तो छापील निबंध होता. दर दसऱ्याला तो शस्त्रांबरोबर पूजेत असे. चारुशीला त्याला हळदकुंकू वाही आणि पुटपुटे, "मुडदा बशिवला त्या दत्तोपंताचा." पूजेतला हा एवढाच मंत्र तिचा स्वतःचा होता.

तीन वर्षांपूर्वी एका दुपारी मात्र निराळंच झालं. नळदुर्गकर जेवायला बसले होते. चारुशीलाचं डोकं दुखत होतं, म्हणून तिने फडताळातून बाटली काढून कपाळाला औषध लावलं. पुदिनाफूल, ओवाफूल आणि कापूर एकत्र कालवून करतात ते घरगुती औषध. वास सगळ्या स्वयंपाकघरात पसरला. नळदुर्गकरांचा भाकरीचा घास हातातच राहिला.

हा वास त्या पांढऱ्या पदार्थाच्या बाटलीला येत होता.

त्या फेब्रुवारीत त्यांना पडसं झालं होतं. आईने गावाहून हेच औषध पाठवलं होतं आणि ते रुमालावर घालून रुमाल नाकाशी धरत ते काम करत होते. बाटलीला वास आला तेव्हा त्यांनी तो रुमालाचा धरला होता. पण आकडा वाचला त्या दुपारी रुमाल धोब्याकडे होता. हे त्यांना इतक्या वर्षांनी, ढोकीत, आमटी निवत असताना आठवलं. मुकादम निघालाच नव्हता. चौदा निबंध ज्या वळणावर उभे होते, ते वळण पुदिन्याचं होतं.

"अहो, जेवा की. काय झालं?" चारुशीला म्हणाली.

"वास येतोय," ते म्हणाले.

तासभर त्यांना लाज वाटली. चूक त्यांच्याच हातची होती. मग हळूहळू दुसरी बाजू दिसायला लागली आणि ती दिसताच त्यांनी दुसऱ्यांदा जेवायला मागितलं. सरांनी त्यांच्या घरातून पेटी चोरली होती. पेटीत साप होता. आणि सर तिच्यावर अकरा वर्षं आरामात बसले होते.

पुढचे दोन पावसाळे कारखाना बंद असताना नळदुर्गकरांनी प्रयोगशाळा उघडी ठेवली. लागणारी द्रव्यं सोलापूरहून मागवली. रुमाल बाहेर खिळ्याला अडकवून आत यायचा नियम केला. तोच पदार्थ नऊ वेळा केला आणि नऊही वेळा वाफेवर चढवून मेन्थॉल पार काढून टाकलं, इतकं की बलभीमला हुंगायला दिल्यावर तो म्हणाला, "कायबी न्हाय. नुस्तं पांढरं." नऊ वेळा नळी यंत्रात ठेवली. नऊ वेळा शून्य. शून्य पाहून इतका आनंद झालेला माणूस त्या कारखान्यात दुसरा नसावा.

*

पाहुणे आले तेव्हा गाळप जोरात होतं आणि मळीचा वास धाराशिवच्या रस्त्यापर्यंत गेला होता. चेअरमन सिद्रामप्पा पुढे, पाठोपाठ औरादकर सर, मागे संचालक मंडळ. सर वाळले होते. कपाळावर तुळजापूरचा मळवट, गळ्यात हार आणि डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, जो फोटोसाठी ते काढून हातात धरत.

"हे आमचे केमिस्ट, नळदुर्गकर," सिद्रामप्पा म्हणाले. "लई इमानी मानूस. साखरंचा दानाबी इकडचा तिकडं होऊ देत न्हाईत."

"अस्सं?" सर म्हणाले. "शिक्षण कुठं झालं तुमचं?"

नळदुर्गकरांनी या क्षणासाठी चौदा वर्षांत बरीच वाक्यं पाठ केली होती. हा प्रश्न त्यांच्यात बसत नव्हता.

"हैदराबादला. तुमच्याच प्रयोगशाळेत, सर. तीन वर्षं."

"वा वा." सरांनी त्यांच्या खांद्याच्या थोडं बाजूला हात ठेवला, मग खांदा सापडला. "पुष्कळ मुलं येऊन गेली. सगळ्यांची नावं कुठं राहतात?"

नळदुर्गकरांच्या खिशात लहानशी कुपी होती. नवव्या खेपेचा पदार्थ, विरघळवून तयार. बेत असा: सर्वांसमोर सांगायचं की हा सरांचाच जगप्रसिद्ध पदार्थ आहे, नळी भरायची, सरांनाच वाचायला लावायचं आणि सर शून्य वाचून गप्प झाले की मोठ्याने विचारायचं, 'काय दिसलं, सर?'

"अप्पा," ते चेअरमनना म्हणाले, "सरांनी चौदा वर्षांपूर्वी एक पदार्थ करून जगात नाव मिळवलं. तो आम्ही इथं ढोकीत केलाय. सरांनी स्वतः त्याचं माप घ्यावं, अशी प्रयोगशाळेची इच्छा आहे."

"बेस!" सिद्रामप्पा म्हणाले. "हुन जाऊ द्या."

सर खुलले. आता कुठल्याही माप घेणाऱ्याची एक रीत असते. नमुना ठेवण्याआधी नळीत साधं पाणी भरून यंत्र शून्यावर आहे की नाही ते पाहायचं. बलभीमने ती नेहमीप्रमाणे पार पाडली होती. नळी तीनदा विसळून पाण्याने भरून यंत्रात ठेवली होती आणि नोंदवहीत 'शून्य-तपासणी : पाणी' असं आपल्या गोल अक्षरात लिहून पुढचे रकाने मोकळे सोडले होते. नळदुर्गकर खिशातली कुपी काढत होते, तेवढ्यात सर यंत्राशी जाऊन बसलेसुद्धा.

"सर, आधी जरा—"

"अहो, मला शिकवता का काय?" सर हसले. संचालक मंडळही हसलं. सरांनी डोळा लावला. मळसूत्र फिरवलं, परत फिरवलं, पट्टीवरच्या भिंगाशी वाकले.  बाहेर बैलगाड्यांच्या रांगेत कुणीतरी कुणाच्या तरी बैलाला शिव्या देत होतं.

"उणे अठरा पूर्णांक चार," सर म्हणाले. मान वर केली. "चौदा वर्षं झाली. इकडचं तिकडं नाही."

टाळ्या पडल्या. सिद्रामप्पांनी स्वतः सुरुवात केली.

"पर साहेब," बलभीमने तोंड उघडलं, "त्यात तर अजून निस्तं पा—"

नळदुर्गकरांनी त्याच्या दंडाला धरलं, इतकं घट्ट की पुढे दोन दिवस तो दंड चोळत होता. ते सरांच्या डोळ्यांकडे बघत होते. भिंगांच्या मागे दोन्ही बुबुळांवर दुधासारखी साय होती. या माणसाला पट्टी दिसत नव्हती. चकती दिसत नव्हती. बहुधा दिवासुद्धा नुसता पिवळा डाग म्हणून दिसत असावा.

क्षणभर नळदुर्गकरांना दया आली.  उसाच्या रसात शिशाचं मीठ टाकून गाळ तळाला बसवायचा त्यांना रोजचा सराव होता. त्यांनी दयाही तशीच बसू दिली आणि वरचं निवळ तेवढं घेतलं.

"सर, आमच्याकडं नियम आहे," ते नम्रपणे म्हणाले. "माप ज्यांनी घेतलं, त्यांनीच आकडा लिहून सही करायची."

"असायलाच पाहिजे," सर म्हणाले.

नळदुर्गकरांनी त्यांचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. सरांनी आकडा लिहिला आणि लफ्फेदार सही केली. सराईत हाताला डोळे लागत नाहीत. पाणी, उणे अठरा पूर्णांक चार, द. औरादकर. तपासणाऱ्याच्या सहीचा शेवटचा रकाना तेवढा कोरा राहिला.

"जपून ठेवा हो ते पान," जाताना सर म्हणाले.

"त्याची काळजी नको, सर."

*

"तिथंच का नाही सांगितलं पाणी होतं म्हणून?" चारुशीलाने पोळपाट बाजूला ठेवला. एवढी मोठी शिकार हातची गेलेली बघून तिच्याच्याने पोळी लाटवेना. "सगळ्यांसमोर तोंड काळं झालं असतं त्याचं."

"चहाबरोबर संपलं असतं ते. म्हाताऱ्याला दिसत नाही, म्हणाले असते लोक. वर मलाच शिव्या बसल्या असत्या. मला छापील पाहिजे. त्यांनी छापलंय, मीही छापणार."

"काय छापणार?"

त्यांनी अर्ध्या पानाचं टिपण दाखवलं. पदार्थ नऊ वेळा केला, मेन्थॉल पूर्ण काढलं, वळण शून्य. मूळचा आकडा राहून गेलेल्या मेन्थॉलचा असावा. खाली नाव : मा. नळदुर्गकर, ढोकी.

"म्हणजे ते काढून टाकायचं राहिलं, ही चूक कुणाची?"

"माझी."

चारुशीलाने लाटणंही खाली ठेवलं. "मग चौदा वर्षं मी त्या माणसाला काय म्हणून शिव्या दिल्या?"

"चोरीबद्दल. चोरी त्यांचीच आहे. चूक माझी."

"आणि हे लिहिलंय का ह्यात? चूक माझी म्हणून?"

"नाही."

"का बरं?"

नळदुर्गकर हसले. चारुशीलाने त्यांना इतकं सावकाश हसताना पाहिलं नव्हतं आणि ते तिला फारसं आवडलं नाही.

"अगं, निबंध छापला त्या परदेशी नियतकालिकाची रीत अशी आहे, की असं टिपण आलं की संपादक ते मूळ लेखकाकडं पाठवतात आणि त्याचा खुलासा मागवतात. दोन्ही शेजारीशेजारी छापतात. आता सरांपुढं दोनच वाटा. एक, चूक माझी म्हणायचं. ते जन्मात म्हणणार नाहीत. दुसरी, ज्यानं केलं त्याचं नाव सांगायचं."

"म्हणजे तुमचं."

"माझं."

"म्हणजे तुमची चूक आहे असं सगळ्या जगात छापून येणार, आणि त्यासाठी तुम्ही तिकीट लावून पाकीट टाकणार?"

"उद्याच."

चारुशीलाने पोळपाट पुढे ओढून राहिलेली पोळी लाटली. "त्याच्यापेक्षा थोबाडीत मारायची होती," ती म्हणाली आणि पोळी तव्यावर टाकली.

*

अंक आठ महिन्यांनी आला. पोस्टमन धोंडीबाने तो थेट प्रयोगशाळेत आणून दिला, कारण पाकिटावरची तिकिटं त्याला नातवासाठी हवी होती. नळदुर्गकरांनी ती कापून दिली, हात धुतले, पुसले आणि मग अंक उघडला.

डाव्या पानावर त्यांचं टिपण होतं. उजव्या पानावर सरांचा खुलासा. तो इंग्रजीत होता, पण त्यातून सरांचा आवाज मराठीतच ऐकू येत होता. 'मूळ पदार्थाची तयारी माझ्या हातून झालेली नाही. ती सर्वस्वी माझे तत्कालीन सहायक श्री. मा. नळदुर्गकर यांनी केली होती, व पहिल्या निबंधातील सर्व मापनेही त्यांचीच आहेत. पुढील तेरा निबंध त्याच मापनांच्या भरवशावर लिहिले गेले. त्यांच्या हलगर्जीपणाचा दोष मजवर येऊ नये. सदर चौदाही निबंध मी मागे घेत आहे.'

सर्वस्वी. नळदुर्गकरांनी हा शब्द तीनदा वाचला. पदार्थ साठ टक्के शुद्ध असतो, नव्वद असतो. पूर्ण शुद्ध कधी मिळत नाही. शब्द मात्र मिळाला.

दुपारी जेवायला जाताना ते अंक घेऊन गेले. चारुशीलाने हात पुसून बोट ठेवलं. "कुठंय?" त्यांनी दाखवलं. तिने आपल्या आडनावावरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा.

"आणि हा पुढचा शब्द?"

"हलगर्जीपणा."

"तुमचा?"

"हो."

"बरंय," ती म्हणाली आणि ताट वाढलं. त्या वर्षी दसऱ्याला तिने पूजेत निबंध मांडला नाही. तो आता मागे घेतलेला होता, आणि मागे घेतलेल्या वस्तूला हळदकुंकू वाहतात की नाही, हे सांगणारं घरात कुणी नव्हतं.

गौरवग्रंथ निघाला, सत्तावीस निबंधांचा. धाराशिवच्या वाचनालयात त्याची प्रत आली. नळदुर्गकर एका रविवारी एस.टी.ने जाऊन पाहून आले. यादीत चौदा जागा मोकळ्या असतील अशी त्यांची काहीतरी कल्पना होती. मोकळं काहीच नव्हतं. सत्तावीस निबंध एकाखाली एक नीट बसले होते, जणू पहिल्यापासून तेवढेच होते. पहिल्या पानावर सरांचा फोटो होता, चष्मा हातात.

सोमवारी सकाळी त्यांनी रुमाल बाहेर खिळ्याला अडकवला, आत आले आणि दिव्याची कळ दाबली. दिवा गुलाबी झाला. त्यांनी सवयीने डोळे मिटले आणि औरादकर सरांना समोर उभं केलं.

सर उभे राहिले. हार घातलेले, वाळलेले, डोळ्यांत साय. बाजूला हात नेऊन खांदा चाचपणारे. नळदुर्गकर वाट पाहत राहिले. सरही वाट पाहत राहिले. दोघांनाही करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्यांनी डोळे उघडले. दिवा अजून गुलाबीच होता. पाच मिनिटं एवढी लांब असतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"बलभीम."

"जी."

"दिवा तापेपर्यंत तू काय विचार करतोस रे?"

"म्या?" बलभीमने तंबाखूची चिमूट थांबवली. "काय न्हाय. तापायलाय, ते बघतो."

नळदुर्गकर त्याच्या शेजारी बाकावर जाऊन बसले. दोघं दिव्याकडे बघत राहिले. गुलाबीचा नारिंगी झाला, कडेने पिवळा व्हायला लागला.

दिवा पुरता पिवळा झाल्यावर ते उठले. गेल्या गाळपाची नोंदवही फडताळातून काढली आणि ते पान उघडलं. पाणी, उणे अठरा पूर्णांक चार, लफ्फेदार सही.

"फाडायचं का ते?" बलभीमने विचारलं.

"नाही. पाणी भर."

बलभीमने नळी तीनदा विसळली, भरली, ठेवली. नळदुर्गकरांनी डोळा लावला. चकतीचे दोन्ही अर्धे भाग सारखे उजळ होते. मळसूत्राला हात लावायची गरजच नव्हती. तरी त्यांनी ते थोडं फिरवलं आणि परत जागेवर आणलं. मग तपासणाऱ्याच्या कोऱ्या रकान्यात शून्य लिहिलं आणि त्याच्यापुढे, नेहमीची आद्याक्षरं न करता, सबंध नाव लिहिलं.

"फुडचा नमुना?" बलभीमने विचारलं.

बाहेर गाड्यांची रांग फाटकापर्यंत गेली होती.

"आण," नळदुर्गकर म्हणाले.